एस्केप कुठंय?

दुकानाच्या गिऱ्हाइकांना पाठवायचा जाहिरातीचा मेल ब्राउजरमध्ये तयार करत होतो. आतली छोटी चौकट बंद करायला कंट्रोल डब्ल्यू दाबलं आणि अख्खा टॅब गेला. फोटो निवडायच्या त्या चौकटीला एस्केप हवं होतं. कंट्रोल डब्ल्यू ही ब्राउजरची खासगी मालमत्ता, वेबसाइटला ती अडवता येत नाही. फार तर "नक्की जायचं का?" असं विचारता येतं, आणि आमच्या महिन्याकाठी पैसे घेणाऱ्या सॉफ्टवेअरला तेवढंही सुचलं नाही. कंट्रोल शिफ्ट टी दाबून टॅब परत आणला, तर शेवटचं सेव्ह झालेलं तेवढंच उरलेलं: वर गड्ड्याच्या यात्रेची सवलत, खाली चादरीसारखं पांढरंशुभ्र मैदान.

हे सगळं सोलापूरच्या नवी पेठेतल्या चादरीच्या दुकानात, मालकांचे वडील अण्णा शेजारी बसलेले असताना.

"कुठं गेलं?"

"गेलं, अण्णा."

"कुणाला गेलं?"

"कुणालाच नाही."

"मग बरं की. चुकीचं गेलं असतं तर?"

"तर परत येत नाही."

अण्णा सावरून बसले. "पोस्टातलं पत्र वाटायच्या आत अर्ज करून परत मागवता येतं. ह्याला येत नाही?"

मी जीमेलचं अनडू, म्हणजे पाठवलेलं रद्द करायचं बटण, सांगितलं. 5, 10, 20 किंवा फार फार तर 30 सेकंद. तेवढ्या वेळात मेल परत येत नाही, तो निघालेलाच नसतो.

"म्हणजे दारात चपला घालत असतो."

इतकी नेमकी व्याख्या एकाही मदतपानावर वाचलेली नाही. त्याचाच जास्त राग आला.

खरं तर शॉर्टकट कळफलकावर नसतातच, कर्सर कुठं आहे त्यावर असतात. कंट्रोल के लिंक लावतं, पण कर्सर मजकुराबाहेर असला की ब्राउजर ते हिसकावतो आणि वरच्या पट्टीत शोधायला नेऊन बसवतो. एका अक्षराचे शॉर्टकट तर इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक चालू असताना मेलेलेच. के दाबलं की क उमटतो. मदतीची यादी मागायला प्रश्नचिन्ह दाबावं, तर नुक्तावाला य़ हजर! आधी विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या, मग बोला.

वर्डमधला मजकूर कंट्रोल व्हीनं डकवला की फॉन्टबिंटचा सगळा गाळ आत येतो. त्यानं फुगून मेलचा कोड 102 केबीच्या वर गेला की जीमेल शेपूट कापतं, आणि नेमकी शेपटीतच यादीतून नाव काढायची लिंक असते. ती दिसली नाही की माणूस सरळ स्पॅम दाबतो. त्यापेक्षा कंट्रोल शिफ्ट व्ही, नुसते शब्द येतात. हे सॉफ्टवेअरनं आपणहून करायला हवं, पण त्यांना दर महिन्याला बटणांचे रंग बदलायचे असतात.

"एवढी बटणं," अण्णा कळफलकावर वाकले, "त्यात 'नको' असं एकबी नाही?"

"आहे की. डाव्या कोपऱ्यात. एस्केप."

"मग तेच का नाही दाबलं?"