ब्रेंटफर्ड, पैसा आणि पारख: कोल्हापूरच्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

लंडनच्या ब्रेंटफर्ड या फुटबॉल क्लबवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. खाली सही 'कोल्हापूरचा एक पेठकरी' एवढीच आहे, त्यामुळे नावाने हाक मारता येत नाही, राग मानू नका. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ब्रेंटफर्डची हुशारी वगैरे काही नाही, जुगाराच्या धंद्यात मोठ्या झालेल्या मालकाचा पैसा आहे. संगणकावर आकडे बघून पोरं उचलणं ही पारख नव्हे. दरवर्षी चांगला खेळाडू विकणारा क्लब हा क्लब नसून बाजार समिती आहे. आणि शेवटचं वाक्य तुमच्याच शब्दांत: "ज्यांनी आपल्याच पोरांची अकादमी बंद केली, त्यांचं कौतुक पेठेत येऊन करून दाखवा."

शाहू स्टेडियमवर, जिथे कोल्हापूरच्या पेठा-तालमींचे फुटबॉल संघ भिडतात, तिथे पेठेच्या संघासाठी घसा फोडणाऱ्या माणसाला हे खुपणारच. म्हणून मुद्दे टाळत नाही.

आधी पैसा. मालक मॅथ्यू बेनहॅमने क्लबात कोट्यवधी पौंड घातले, यात वाद नाही. ऑक्सफर्डला भौतिकशास्त्र शिकलेला हा माणूस, सट्ट्यासाठी सामन्यांचे अंदाज बांधण्याच्या गणितातून श्रीमंत झाला. पण तो बाहेरून येऊन क्लब विकत घेणाऱ्यांतला नव्हे. 1979 साली, अकरा वर्षांचा असताना, त्याने ब्रेंटफर्डचा पहिला सामना पाहिला. क्लब चौथ्या श्रेणीत धडपडत होता, मालकी चाहत्यांच्या ट्रस्टकडे होती आणि ट्रस्टची दमछाक झाली होती, तेव्हा त्याने कर्ज दिलं. 2012 मध्ये क्लब त्याच्या हातात आला. त्याच्यामागे पैसा नसता तर हे झालं नसतं, हे मी मान्य करतो. मूळ लेखात ते पुरेसं स्पष्ट लिहिलं नव्हतं, ती चूक माझी.

पण मग पुढचा प्रश्न येतो. नुसत्या पैशाने वर जाता आलं असतं, तर इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतले निम्मे मालक आज प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे पहिल्या श्रेणीत असते. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे याच दुसऱ्या श्रेणीत, असे कितीतरी क्लब आहेत जे कमाईपेक्षा जास्त पैसा पगारावरच उडवतात. शिवाय वरून खाली घसरलेल्या क्लबना काही वर्षं प्रीमियर लीगकडून मदतीची मोठी रक्कम ('पॅराशूट रक्कम') मिळत राहते. ब्रेंटफर्डला ती कधी मिळाली नाही, कारण ते वर गेलेच नव्हते. 1947 मध्ये पहिल्या श्रेणीतून खाली आले, ते थेट 2021 मध्ये परत वर गेले. चौऱ्याहत्तर वर्षं.

जुगाराच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याच बाजूला आहे. प्रीमियर लीगमधली पहिली काही वर्षं ब्रेंटफर्डच्या शर्टाच्या छातीवर सट्टा कंपनीचं नाव होतं, आणि 2023 मध्ये त्याच संघाच्या आयव्हन टोनीवर सट्टा लावल्याबद्दल आठ महिन्यांची बंदी आली. हे चित्र मला तेव्हाही पाहवत नव्हतं, आजही पाहवत नाही.

आता पारख. तुमचा समज असा दिसतो की संगणक नाव सांगतो आणि क्लब चेक फाडतो. नाव तिथून येतं हे खरं, पण खरा प्रश्न त्याआधीचा आहे: हा खेळाडू आजवर कुणालाच का दिसला नाही? तीन नावं घेतो. नील मोपे, सईद बेनरहमा, ब्रायन एम्बेमो. ब्रेंटफर्डला येण्याआधी तिघेही फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होते. मोपे ब्रेस्टकडून आणि बेनरहमा शातोरूकडून उसने खेळले होते, एम्बेमो त्र्वाचा होता. इंग्लंडमधल्या मोठ्या क्लबची माणसं त्या मैदानांवर फारशी जात नव्हती. गेली तरी 'दुसऱ्या श्रेणीतले गोल' म्हणून सोडून देत होती. ब्रेंटफर्डकडे जगभरचे संघ एकाच मापाने मोजायची पद्धत होती. फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतला अमुक संघ इंग्लंडमधल्या कोणत्या संघाच्या तोडीचा, हे त्यांना अंदाजाने का होईना माहीत होतं. त्यामुळे तिथले गोल इथे किती मोलाचे, हेही कळत होतं. बाकीच्यांनी त्या श्रेणीवर काट मारली होती, म्हणून भाव पडलेला होता. ब्रेंटफर्ड तिथे पुन्हा पुन्हा गेलं.

गोल मोजण्याचंही तसंच. सहा यार्डांवरून मारलेला चेंडू आणि तीस यार्डांवरून मारलेला चेंडू, दोन्ही हुकले तर कागदावर दोन्ही शून्य. पण जो खेळाडू दर सामन्यात सहा यार्डांपर्यंत पोचतो तो आज ना उद्या गोल करणार, हे आपल्या तालमीतल्या जुन्या वस्तादालाही नजरेने कळतं. त्या नजरेला हिशेबाची जोड मिळाली, एवढंच. त्यानंतर माणसं मैदानावर जातात, खेळाडूला पुन्हा पुन्हा बघतात, तो सहकाऱ्यांशी कसा वागतो, बदली झाल्यावर बाकावर कसा बसतो, याची चौकशी करतात. तेव्हाचे प्रशिक्षक थॉमस फ्रँक यांनी उघड सांगितलं होतं की उद्धट, आपमतलबी माणूस कितीही चांगला खेळत असला तरी ड्रेसिंग रूममध्ये नको. हे संगणक सांगत नाही.

बाजार समितीच्या मुद्द्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते ब्रेंटफर्डचं सगळं मर्म इथे आहे.

ओली वॉटकिन्सला त्यांनी 2017 मध्ये चौथ्या श्रेणीतल्या एक्झिटरकडून घेतलं, सुमारे 18 लाख पौंडांना. दोन मोसम तो बहुतेक वेळ कडेने खेळला. 2019 मध्ये मोपेला ब्राइटनला विकलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता नवा स्ट्रायकर येणार. आला नाही. वॉटकिन्सलाच मध्ये आणलं आणि त्या मोसमात त्याने लीगमध्ये 25 गोल केले. पुढचा भाग नीट बघा. 2020 च्या ऑगस्टअखेर ब्रेंटफर्डने पीटरबरोकडून आयव्हन टोनीला घेतलं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वॉटकिन्स 2 कोटी 80 लाख पौंडांना ॲस्टन व्हिलाला गेला. म्हणजे जाणारा घरात असतानाच येणारा येऊन बसला होता. टोनीने त्या मोसमात लीगमध्ये 31 गोल केले आणि 29 मे 2021 ला वेम्बलीवर स्वान्सीला 2-0 हरवून क्लब वर गेला. पहिला गोल टोनीचाच, पेनल्टीवर.

मी पश्चिम लंडनमध्ये राहतो. आमच्या गल्लीतले एक आजोबा, सत्तरी ओलांडलेले, ग्रिफिन पार्कला लहानपणापासून जात आलेले. ते जुनं मैदान म्हणजे घरांच्या दाटीत अडकलेलं, चारही कोपऱ्यांवर एकेक पब, आणि डोक्यावरून हीथ्रोला उतरणारी विमानं इतक्या खालून जायची की समोरच्याचं बोलणं मध्येच तुटायचं. मोपे गेला त्या उन्हाळ्यात बसस्टॉपवर मी त्यांना विचारलं होतं, दरवर्षी असं विकतात, तुम्हाला वाईट नाही वाटत? त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "पूर्वीही विकायचे की. तेव्हा बिलं भरायला विकायचे आणि आम्ही खाली जायचो. आता विकतात आणि आम्ही वर जातो." बस आली आणि बोलणं तिथेच थांबलं. तुमच्या प्रतिक्रियेनंतर मला पहिल्यांदा तेच आठवलं.

लहान क्लबचा चांगला खेळाडू जाणारच. तो दहापट पगार सोडून का थांबेल? प्रश्न उरतो तो कधी जाऊ द्यायचं आणि तोवर काय तयार ठेवायचं, एवढाच. ज्या क्लबना हे जमत नाही ते कराराचं शेवटचं वर्ष लागेपर्यंत हट्ट धरतात आणि मग खेळाडूही जातो, पैसाही.

एक गोष्ट मूळ लेखात जागेअभावी राहिली होती. 27 एप्रिल 2013, तिसऱ्या श्रेणीचा शेवटचा दिवस, ग्रिफिन पार्क, समोर डॉनकास्टर. जिंकलं तर ब्रेंटफर्ड थेट वर. 0-0 असताना भरपाईच्या वेळेत पेनल्टी मिळाली. ठरलेला माणूस कर्णधार केविन ओ'कॉनर, पण फुलमहून उसना आलेल्या विशीतल्या मार्सेलो ट्रोटाने चेंडू हातातून सोडलाच नाही. त्याने मारलेला चेंडू क्रॉसबारला लागून मागे आला, आणि डॉनकास्टरची पोरं तोच घेऊन थेट दुसऱ्या टोकाला धावली. त्यांच्या कॉपिंजरने गोल केला. काही सेकंदांत बढती गेली. शिवाय डॉनकास्टर त्या गोलाने श्रेणीचे विजेते ठरले. पुढे बढतीची दुसरी संधी देणाऱ्या प्ले-ऑफचा अंतिम सामनाही ब्रेंटफर्ड हरलं.

अशा दिवसानंतर आपल्याकडे काय होतं, तुम्ही जाणता. प्रशिक्षक जातो, निम्मा संघ बदलतो. ब्रेंटफर्डने विचारलं, आपण मोसमभर खरोखर कसे खेळलो? चांगले खेळलो होतो. मग फारसं काही मोडायचं कारण नव्हतं. पुढच्याच वर्षी ते दुसऱ्या श्रेणीत गेले. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये थॉमस फ्रँक मुख्य प्रशिक्षक झाले तेव्हा पहिल्या 10 सामन्यांपैकी 8 हरले. दुसरा कुठलाही क्लब असता तर नाताळाआधी त्यांना घरी पाठवलं असतं. ब्रेंटफर्डने निकालापेक्षा खेळ बघितला आणि ठेवलं. ते पुढे सात मोसम राहिले. माझ्या लेखी ब्रेंटफर्डची सगळ्यात मोठी खरेदी कुठल्या खेळाडूची नाही, ह्या धीराची आहे, आणि तो धीर पैशाने येत नाही.

हा धीर त्यांनी नेहमीच पाळला असंही नाही. 2015 मध्ये मार्क वॉरबर्टन यांनी संघाला दुसऱ्या श्रेणीत पाचवं आणलं, तरी त्यांना सोडावं लागलं. त्यांच्या जागी आणलेल्या डच प्रशिक्षकाला नऊ सामन्यांत काढलं. हे घिसाडघाईचं होतं, आणि चाहते तेव्हा उगाच चिडले नव्हते.

राहिली अकादमी. 2016 मध्ये ती बंद झाली. कारण समजण्यासारखं होतं: भरपाईचे नियमच असे की घडवलेला मुलगा सोळाव्या वर्षी मोठ्या क्लबने उचलला तर हातात चिल्लर पडायची, आणि मँचेस्टरच्या दोन्ही क्लबनी ब्रेंटफर्डची पोरं तशी नेलीही होती. त्याऐवजी त्यांनी 'बी' संघ काढला. मोठ्या अकादम्यांनी सतरा-अठराव्या वर्षी नाकारलेली मुलं घ्यायची आणि त्यांना पहिल्या संघाबरोबर वाढवायचं. हिशेबाने हे बरोबर होतं. पण त्या दिवशी आठ-नऊ वर्षांची मुलं क्लबचा ट्रॅकसूट घालून घरी गेली आणि पुन्हा आली नाहीत. त्यांच्या आईबापांना पॅराशूट रकमा आणि भरपाईचे नियम कोण समजावणार होतं? तुमच्या पेठेत बाहेरचे खेळाडू येतात तेही मला माहीत आहे, पण तालमीचं दार पेठेतल्या पोराला बंद झालेलं मी ऐकलेलं नाही.

2022 मध्ये ब्रेंटफर्डने अकादमी पुन्हा सुरू केली. प्रीमियर लीगचा पैसा आल्यावर त्यांनाही ते हवंसं वाटलं, यातच तुमच्या म्हणण्याला अर्धा दुजोरा आहे. मूळ लेखात मी अकादमी बंद करण्याच्या निर्णयाला 'धाडसी' म्हटलं होतं. तो शब्द आज काढला आहे आणि तिथे बंद झाल्याची आणि पुन्हा सुरू झाल्याची दोन्ही वर्षं घातली आहेत.