शेवटच्या वीस मीटरांत नेमके काय घडते

शंभर मीटरची शर्यत अखेरच्या वीस मीटरांत वेग वाढवणारा जिंकतो, थकवा म्हणजे पायांत साचलेले लॅक्टिक ॲसिड, आणि म्हणून दमल्यावरही पळत राहिले की पायांना वेगाची सवय लागते, असा मजकूर धावपटूंच्या व्हॉट्सॲप गटांतून सतत फिरत असतो.

पहिले विधान आकड्यांपुढे टिकत नाही. २००९ मध्ये बर्लिनला युसेन बोल्टने ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा ६० ते ८० मीटरचा टप्पा त्याने १.६१ सेकंदांत आणि शेवटचा टप्पा १.६६ सेकंदांत कापला. म्हणजे त्याचाही वेग अखेरीस घटलाच. शेवटी पुढे सरकताना दिसणारा धावपटू बहुधा इतरांपेक्षा कमी मंदावलेला असतो.

लॅक्टिक ॲसिडला दिलेला सगळा दोषही चुकीचा आहे. स्नायूंना तातडीची ऊर्जा पुरवणाऱ्या क्रिएटिन फॉस्फेटचा साठा काही सेकंदांतच झपाट्याने उतरतो आणि त्यातून सुटलेले फॉस्फेट आकुंचनाचा जोर कमी करते. लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचे शरीरातले रूप, तर शरीर इंधन म्हणून वापरते.

खरा धोका तिसऱ्या विधानात आहे. पूर्ण वेगात पाऊल जमिनीवर जेमतेम सेकंदाचा दहावा भाग टेकते आणि तेवढ्यात घोटा, गुडघा व कंबर यांचा मेळ जमावा लागतो. थकव्याने पाऊल जास्त वेळ टेकून राहते, पावलांची गती उतरते, आणि पाऊल शरीराच्या फार पुढे पडले तर प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. मैदानावर हे डोळ्यांआधी कानांना कळते: पहिल्या फेरीत टपटप वाजणारी स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांची पादत्राणे, सहाव्या फेरीत धपधप आपटू लागतात, खांदे कानांकडे चढतात, हात छातीसमोर आडवे फिरतात. नडगी पुढे फेकली जाताना तिला आवरणारा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, तेव्हा ताणाखाली लांबत असतो. त्याची वेळ इथे चुकली तर तो फाटू शकतो, आणि कोवळ्या मुलामुलींचा अख्खा हंगाम वाया जातो.

चारशे मीटरच्या धावपटूंना थकव्यात पळण्याचा सराव लागतो, हे मला मान्य आहे. १९९९ मध्ये सेव्हियात ४३.१८ सेकंदांत धावणाऱ्या मायकेल जॉन्सनचा उत्तरार्धही पूर्वार्धापेक्षा संथ होता. पण तो सराव वेगळ्या दिवशी, कमी वेगात घ्यावा. कमाल वेगाच्या दिवशी, अनेक प्रशिक्षक पाळतात त्याप्रमाणे, दर दहा मीटरमागे सुमारे एक मिनिट विश्रांती द्यावी, म्हणजे साठ मीटरनंतर सहा मिनिटे, आणि स्पाइक्सचा आवाज बदलला की ठरलेल्या फेऱ्या उरल्या असल्या तरी सराव थांबवावा.