मैदा अजून उठला नाही

रविवारी सकाळी सव्वासहाला बायकोनं माझ्या अंगावरची गोधडी काढली आणि तिची घडी घातली. नुसती ओढली असती तर मी परत ओढून घेतली असती. घडी घातलेल्या गोधडीपुढे माणसाचं काही चालत नाही.

"अहो, पाव," ती म्हणाली.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. आता क्रियापदं लागत नाहीत.

दहा वाजता साडू सहकुटुंब मिसळीला यायचे होते. साडू नाशिकचे. पुण्यात मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस देणारी जुनी ठिकाणं अजून आहेत, कोल्हापुरातही स्लाइस देतात, पण नाशिकच्या माणसासमोर मिसळीशेजारी स्लाइस ठेवला, तर तो आधी स्लाइसकडे बघतो, मग यजमानाकडे बघतो आणि मग हळू आवाजात विचारतो, "बाकी सगळं ठीक ना?" म्हणून पाव. तेही गल्लीच्या टोकाच्या भट्टीचे आणि तेही ताजे. मागच्या खेपेला मी पिशवीबंद पाव आणले होते. साडूंनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, पण मेहुणीनं काढलं होतं.

बाहेर नऊ अंश होतं. हा आकडा सांगितला की लीड्सचा माझा मावसभाऊ फोनवर हसतो. नऊ अंशाला म्हणे त्याच्या गल्लीतले लोक बागेत खुर्च्या मांडतात. त्याला कितीदा सांगितलं, बाबा रे, तुझं नऊ बाहेर असतं, आमचं नऊ घरात येऊन बसतं. आमचं घर उन्हाळ्याचा विचार करून बांधलेलं. छत उंच, खिडक्यांना फटी आणि पायाखाली शहाबादी फरशी. जानेवारीच्या पहाटे त्या फरशीवर अनवाणी पाऊल पडलं की तोंडून जो शब्द निघतो तो आईच्या देखत काढण्यासारखा नसतो.

खरं तर पुणेकराला थंडीचा त्रास होतो त्यापेक्षा आपली थंडी दुसऱ्याच्या थंडीहून कडक निघाल्याचा आनंद जास्त होतो. पाषाणचे लोक या दिवसांत ताठ मानेनं हिंडतात, कारण पेपरातला सगळ्यात खालचा आकडा बऱ्याचदा त्यांच्या बाजूचा असतो. कोरेगाव पार्क आणि मगरपट्टावाल्यांना थंडीच्या गप्पांत कोणी बसू देत नाही. आम्ही पेठेतले मधल्यामध्ये, त्यामुळे आम्ही इतिहासाचा आधार घेतो. हवामान खात्याची कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आली, म्हणून शिवाजीनगरचा तो चौक आजही सिमला ऑफिसच. आईचं मत असं, की सामानाबरोबर थोडी थंडीही आली असणार. १९३५ च्या जानेवारीत इथला पारा १.७ अंशांवर उतरला होता. म्हणजे पेटी उघडायला सात वर्षं लागली. सरकारी काम.

माकडटोपी सापडली, स्वेटर सापडला, मफलर काही सापडेना. शेवटी तो स्वयंपाकघरात दिसला, एका काचेच्या बरणीला गुंडाळलेला. मुलगी हल्ली घरी पाव करते. बाजारातलं यीस्ट न घालता, पीठ आणि पाणी दिवसचे दिवस आंबवून जो पाव होतो तो. त्याला ती सावरडो म्हणते. आई त्याला सावर्ड्याचा पाव म्हणते. चिपळूणजवळ सावर्डे आहे, तिथं आईची एक आत्या दिली होती, त्यामुळे आईला त्या पावाबद्दल माहेरची माया आहे.

"बाबा, मफलर नका काढू," मुलगी पांघरुणातून म्हणाली. "स्टार्टरला थंडी वाजते."

"आणि मला?"

"तुम्ही आंबणार नाही आहात."

मी दारापर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "निघालाच आहेस तर..."

या तीन शब्दांनी माझ्या आयुष्यातले बहुतेक शनिवार-रविवार खाल्ले. निघालाच आहेस तर जिरा बटर आण. बटर म्हणजे लोणी नव्हे. चहात बुडवायचे ते कडक, गोल, खारट गोळे. पण ते या भट्टीचे नकोत, हे चहात विरघळतात. ते डेक्कनच्या बाजूचे. खारी मात्र डेक्कनची नको, ती मंडईच्या मागची, तिला पदर सुटतात. टोस्ट तिसऱ्याकडचा. आमच्या घरात एकेका पदार्थाची सोयरीक एकेका बेकरीशी झालेली आहे, आणि ती आईनं जुळवलेली असल्यामुळे मोडता येत नाही. एकाच दुकानातून सगळं आणलं, तर ती नुसत्या वासावरून ओळखते आणि म्हणते, "दमलास वाटतं."

श्रुजबेरीचं प्रकरण तेवढं आदल्या दिवशी उरकलं होतं. कयानी रविवारी बंद, त्यामुळे शनिवार त्या रांगेत गेला. मावसभावाचा एक मित्र परत इंग्लंडला निघालाय, त्याच्याबरोबर चार बॉक्स पाठवायचे होते. श्रूजबरी हे मुळात इंग्लंडातलं गाव आणि तिथली बिस्किटंही जुन्या काळापासून नावाजलेली. तरी ईस्ट स्ट्रीटवर १९५५ पासून चालू असलेल्या इराण्याच्या बेकरीतून ती विकत घेऊन, स्वेटरांच्या घडीत ठेवून, ती इंग्लंडला पोचवायची. यात मावसभावाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नसतं, रांगेत तो उभा राहिला असता तर.

असो. गल्लीच्या टोकाला पोचलो. बेकरीची फळी वर होती, आत पिवळा दिवा, आणि काचेच्या कपाटात कालचे चार क्रीमरोल. पावाचा पत्ता नाही. गल्ल्यावरच्या पोऱ्यानं माझ्या माकडटोपीकडे सहानुभूतीनं पाहिलं.

"पाव?"

"टाइम लगेगा साब. मैदा उठा नहीं अभी."

मी दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. मला सव्वासहाला उठवलं, आणि मैदा झोपलेला!

पण त्याचं बरोबर होतं. रात्री मळलेला मैदा उन्हाळ्यात बघता बघता फुगून वर येतो. थंडीत यीस्ट सुस्तावतं आणि तोच मैदा कूस बदलायलाही तयार होत नाही. तिकडे भट्टीत लाकडं जळून विटा तापून तयार, आणि इकडे ट्रेमध्ये गोळे गारठून बसलेले. घाई करून आत ढकलले, तर पाव दगडासारखा होतो. म्हणजे ऐन थंडीत, जेव्हा माणसाला गरम पाव सगळ्यात लवकर हवा असतो, नेमका तेव्हाच तो सगळ्यात उशिरा निघतो. आमच्या मटकीनंही या वेळी मोड यायला दोन रात्री घेतल्या होत्या. एकूण वेळेवर उठणारा मी एकटाच.

"पीछे बैठो, काका," पोऱ्या म्हणाला.

बेकरीच्या मागच्या बोळात मी आजवर कधी गेलो नव्हतो. तिथं भट्टीची मागची भिंत आहे. त्या भिंतीला पाठ लावून सात-आठ माणसं ओळीनं बसली होती, सगळी माकडटोप्यांत, सगळ्यांच्या मांडीवर रिकाम्या कापडी पिशव्या. एक काळी कुत्रीही होती. कोणी बोलत नव्हतं. मी टोकाला, गटाराच्या बाजूला जागा घेतली. तिथं भिंत नुसती कोमट होती. मधोमध, जिथं विटा खरोखर तापतात, तिथं एक आजोबा डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या पायाशी कुत्री.

नियम हळूहळू कळले. ज्याचे पाव मिळतील तो उठतो, बाकीचे एकेक जागा मध्ये सरकतात. आजोबा आणि कुत्री सरकत नाहीत. पहिली भट्टी निघाली ती सगळीच्या सगळी क्रेटमध्ये भरून मिसळवाल्याचा माणूस स्कूटरवरून घेऊन गेला. एरवी मी तिथं भांडलो असतो. मनात वाक्य तयारसुद्धा झालं होतं. पण उठलं की जागा जाते, म्हणून गिळलं.

पाठ तापायला लागली तसं काय काय आठवत गेलं. लहानपणी अशाच एका बेकरीत आई मला नानकटाई भाजून आणायला पाठवायची. घरचं साजूक तूप, पिठीसाखर, मैदा सगळं डब्यातून न्यायचं, त्यांचा माणूस मळून, गोळे करून ट्रेमध्ये लावायचा, आणि आपण तिथंच बसून आपल्या ट्रेवर नजर ठेवायची. मी १९८३ साली एकदा नजर काढली. क्रिकेटचं काहीतरी चाललं होतं. घरी जी नानकटाई गेली ती वनस्पती तुपाची निघाली. आमचं साजूक तूप कोणाच्या घरी गेलं याचा तपास आईनं अजून बंद केलेला नाही. समोरच्या बिऱ्हाडातल्या मावशी त्या दिवाळीत फार खुशीत होत्या, एवढंच ती म्हणते.

"पुण्यात बिस्किटापायी काय काय झालंय," आजोबा डोळे न उघडता म्हणाले. मी मोठ्यानं बोललो होतो बहुधा. "१८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहाबिस्किटं पुढे आली. टिळक होते, रानडे होते. गोपाळराव जोश्यांनी सगळ्यांची नावं पेपरात छापून आणली. आनंदीबाईंचे यजमान ते. मग प्रायश्चित्त की नाही, यावरून गावभर रणकंदन."

"आपली नावं कोणी छापली तर?"

"आपली कोण छापतंय," आजोबा म्हणाले, आणि त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं.

साडेसातच्या सुमाराला दुसरी भट्टी निघाली. पोऱ्यानं बोळात येऊनच वाटप केलं. दोन लाद्या, कागदात गुंडाळलेल्या, इतक्या गरम की या हातातून त्या हातात कराव्या लागल्या. शेवटी मी त्या स्वेटरच्या आत घातल्या आणि चेन वर ओढली. पाठीला भिंत, पोटाला लादी. लोक एकेक करून उठले. आजोबांच्या शेजारची, ऐन मधली जागा रिकामी झाली.

मला उठायचं होतं. जिरा बटर बाकी होतं, खारी बाकी होती, टोस्ट बाकी होता. मी मधल्या जागी सरकलो, नुसतं बघायला.

फोन वाजला.

"मिळाले का?"

"नाही गं," मी म्हणालो. "मैदा उठला नाही अजून."

आजोबांनी डोळे न उघडता मान डोलावली. कुत्री थोडी सरकली.