फोटोतला डाग आणि अडकलेले दोन महिने : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

अमेरिकेच्या ग्रीनकार्डसाठी (तिथे कायमचं राहायच्या परवान्यासाठी) होणाऱ्या मेडिकलवरच्या, म्हणजे आरोग्य तपासणीवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : 'हा लेख आहे की वकिलातीची जाहिरात? माझ्या पत्नीला फार वर्षांपूर्वी टीबी झाला होता. कोर्स पूर्ण केला, कागद आहेत. तरी छातीच्या फोटोत डाग दिसला म्हणून तीन दिवस बेडका द्यायला लावला आणि दोन महिने अडकवून ठेवलं. टीबीची बीसीजी लस टोचून घेणाऱ्यांना हे कसले निकष? गोऱ्यांना असं छळतात का? आणि आता म्हणे तीन महिन्यांत निघा!'

राग समजतो. पण तो सगळाच योग्य पत्त्यावर गेलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो डाग. बरा झालेला टीबी फुफ्फुसात व्रण ठेवून जातो. तो व्रण शांत आहे की आत पुन्हा काही सुरू झालंय, हे नुसत्या फोटोवरून मुरलेल्या डॉक्टरलाही छातीठोकपणे सांगता येत नाही. कोर्स पूर्ण केलेल्यांनाही टीबी पुन्हा होऊ शकतो. म्हणून बेडका, आणि तोही तीन दिवस, कारण जंतू रोज सारखे पडत नाहीत. बरं, सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसायला एका मिलिलिटरमध्ये पाच-दहा हजार तरी असावे लागतात. त्याहून कमी असतील तर कल्चर लावूनच, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवूनच कळतं, आणि हा जंतू भलताच आळशी. एकाचे दोन व्हायला त्याला वीसेक तास लागतात. दही रात्रीत लागतं, हे विरजण ६ ते ८ आठवडे घेतं. तुमचे दोन महिने बहुतेक तिथे, इनक्युबेटरमध्येच गेले. व्हिसा अधिकाऱ्याने मनात आणलं असतं तरी ते कमी झाले नसते.

पूर्वी अमेरिकेचंही काम नुसत्या सूक्ष्मदर्शकावर भागत होतं. मग २००४-०५ मध्ये थायलंडच्या वाट थाम क्राबोक छावणीतून अमेरिकेत नेलेल्या हमोंग जमातीच्या निर्वासितांमध्ये औषधांना दाद न देणारा टीबी सापडला. पुनर्वसन काही काळ थांबवावं लागलं. २००७ पासून सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, नवे नियम आणले : संशय आला की कल्चर, जंतू निघाले तर कोणतं औषध लागू पडतं त्याची चाचणी, आणि पूर्ण उपचार डोळ्यांदेखत गोळ्या देऊन. बेडक्यात जंतू निघालेल्यालाही दार कायमचं बंद होत नाही. उपचार संपवून, पुन्हा कल्चर निगेटिव्ह आणून जाता येतं. खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा. ही गोष्ट मलाही खटकते.

बीसीजीचा मुद्दा एके काळी बिनतोड होता. हातावर सुई टोचून गाठ मोजायची जुनी मांटू चाचणी बीसीजीमुळे फसू शकते. पण १५ वर्षांपासून पुढच्यांची तपासणी फोटोनेच सुरू होते, त्यामुळे वहिनींच्या बाबतीत बीसीजीचा संबंधच आला नाही. भारतातल्या २ ते १४ वर्षांच्या मुलांची २०१८ पासून आयजीआरए ही रक्ताची चाचणी होते. तिला बीसीजीने फरक पडत नाही.

आता गोऱ्यांचं. अमेरिकेत कायमचं राहायला जाणाऱ्या प्रत्येक प्रौढाच्या छातीचा फोटो काढतात, मग तो लंडनचा असो की लातूरचा. देशाचा आकडा बघतात तो मुलांच्या रक्तचाचणीसाठी : लाखामागे वर्षाला २० किंवा जास्त रुग्ण असलेले देश. आपल्याकडे २०२३ मध्ये हा आकडा १९५ च्या आसपास होता, अमेरिकेत ३ च्या. ब्रिटनची रेषा ४० वर आहे, आणि तिथे पासपोर्टपेक्षा तुम्ही राहत कुठे होतात ते बघतात. वर्षभर जर्मनीत राहून तिथूनच ब्रिटनला निघालेल्या पुणेकराला टीबीचं सर्टिफिकेट लागत नाही. मुंबईत वर्ष काढलेल्या जर्मन माणसाला लागतं.

भेदभाव शोधायचाच तर मी दुसरीकडे बोट दाखवेन. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर येणारा इंजिनियर आणि एफ-१ या शिक्षणाच्या व्हिसावर येणारा विद्यार्थी अमेरिकेत वर्षानुवर्षं राहतात, वर्गात, ऑफिसात, लोकलमध्ये बसतात. व्हिसाच्या वेळी त्यांच्या छातीचा फोटो कोणी काढत नाही. नातवंडांकडे कायमचं राहायला येणाऱ्या आजीचा मात्र काढतात. ब्रिटन निदान सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही तपासतो. ही विसंगती आरोग्यशास्त्रातून आलेली नाही, ती व्हिसाच्या कायद्यातून आली आहे. ज्यांची कंपन्यांना आणि विद्यापीठांना गरज आहे, त्यांना कोणी खोळंबून ठेवत नाही, असं माझं मत. तुमचा राग इथे खर्च झाला असता तर मी दुजोरा दिला असता.

आणि टीबी हा काही 'आपला' आजार नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला शिकायला गेल्या तेव्हा अमेरिकाच क्षयाने पोखरलेली होती. १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्या त्याही क्षयानेच. तेव्हा छातीचा फोटो कोण काढणार? क्ष-किरणांचा शोधच १८९५ चा.

शेवटी तुमच्या खऱ्या अडचणीचं. वहिनींच्या कागदांवर टीबीचा बी-१ असा वर्ग असणार : फोटोत खूण, कल्चर निगेटिव्ह. अशा वेळी मेडिकलची मुदत नेहमीच्या सहाऐवजी तीनच महिने असते, आणि व्हिसाची तारीख तिच्यावरूनच ठरते. त्या तारखेच्या आत अमेरिकेत पोचायला हवं, नाहीतर मेडिकल पुन्हा. त्यामुळे दिवाळी करून निघायचा बेत असेल तर तिकिटाआधी व्हिसावरची तारीख वाचा. वकिलातीकडून मिळालेले कागद आणि जुने-नवे फोटो हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या नको. पोचल्यावर तिथल्या आरोग्य खात्याचा फोन किंवा पत्र येईल. तिकडे मुलाकडे उतरणार असाल तर त्याला आत्ताच सांगून ठेवा की ते बाजूला टाकू नकोस. पुन्हा एक फोटो काढतील, कदाचित गोळ्या सुचवतील. त्या वेळी जुन्या कोर्सचे कागद दाखवा. कोणती औषधं किती महिने घेतली, हे त्यांना त्यातूनच कळेल.