मनीऑर्डरच्या पावत्या आणि रात्रीचा फोन

मागच्या रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात चहा सुरू होता. एका पोरानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "सिस्टरमावशी, लग्न ठरेल पोरीले पैसे पाठवले तं पाप हाय का?" बाकीचे पोट्टे खी-खी हसले. मला हसू आलं नाही. प्रश्न खरा होता, आणि विचारायला हिंमत लागते. तिथे गर्दीत उत्तर देता आलं नाही म्हणून इथे लिहिते. पोस्ट लांब आहे, आधीच सांगते.

बाहेरच्या लोकांसाठी थोडं. आमच्या अचलपूर-परतवाड्याकडच्या खेड्यांत ख्रिस्ती घरं असून असून किती? आमच्या गावात पाच, आणि त्यातली तीन एकमेकांची भाऊबंद. सोयरीक करायची तर अकोला, वाशीम, जालना, नगर असं लांबच जावं लागतं. पोरं-पोरी भेटतात युवा शिबिरात, अधिवेशनात, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात पत्रावळी वाढताना. मग पोरगा चाकण नाहीतर रांजणगावच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आणि पोरगी नागपूरला नर्सिंगला. नर्सिंगची वाट आमच्या पोरींना मिशनच्या दवाखान्यांनी दाखवली, उमरी म्हणा, वाशीम म्हणा. मीही त्याच वाटेनं गेले. आणि पुण्याकडे जायची वाट तर पार जुनी. यवतमाळची सेमिनरी, म्हणजे पाळक (पास्टर) घडवणारं कॉलेज, तेसुद्धा 1983 मध्ये पुण्याला गेलं, पोरांना काय दोष द्यायचा!

सांगायचा मुद्दा हा की लग्न ठरल्यापासून लग्न होईपर्यंत दोघांच्या मध्ये रात्रभराचं ट्रॅव्हल्सचं अंतर, आणि हा काळ दोन-दोन, तीन-तीन वर्षांचा. बहिणीचं आधी व्हायचं असतं, बापाचं पीककर्ज फिटायचं असतं, पोराला कंपनीनं परमनंट करायचं असतं.

आता माझी गोष्ट. 1994 साली माझं ठरलं तेव्हा हे पिंपरीला फिटर होते आणि मी स्टाफ नर्स. महिन्याला दोन पत्रं यायची. एका पत्रात यांनी सहज लिहिलं की खोलीचं डिपॉझिट भरायचं आहे, अडचण आहे. मागितले नव्हते. मीच पोस्टात जाऊन हजाराची मनीऑर्डर केली आणि खालच्या संदेशाच्या जागेत 'प्रभू भले करो' लिहिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा केली. असे चार झाले. बाबांना पत्ता नाही, आईला नाही. पावत्या बायबलात ठेवल्या, कारण आमच्या घरी दुसऱ्याचं बायबल कुणी उघडत नसे.

पैसे देईपर्यंत मी बरी होते हो. दिल्यानंतर माझं काहीतरी बिघडलं. पत्र चार दिवस उशिरा आलं की मनात यायचं, चार हजार दिलेत मी याला आणि याला दोन ओळी लिहायला होत नाही! यांनी मित्रांबरोबर लोणावळ्याला गेल्याचं लिहिलं, तर मी हिशेब केला की कुणाच्या पैशावर. म्हणजे बघा, प्रेमानं दिले आणि महिन्याभरात मी त्यांची सावकारीण झाले. रोज सकाळी गुडघे टेकून प्रार्थना करत होते तरी. शेवटी एका रविवारी घाईत बाबा माझं बायबल घेऊन चर्चला गेले आणि भर उपासनेत त्यांच्या मांडीवर पावत्या सांडल्या. पुढचं सांगत नाही. एवढंच की साखरपुड्याच्या दिवशी यांनी चार हजार पाकिटात घालून सगळ्यांसमोर बाबांच्या हातात दिले. मी लाजेनं मेले, आणि त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मला गाढ झोप लागली.

हे सगळं उगाळायचं कारण एक पोरगी. दिवाळीनंतर शेतात सीतादहीची पूजा करून कापसाची पहिली वेचणी सुरू होती, तेव्हा ती सुट्टीवर आली होती. तिची ओळख पटेल असं सगळं बदलून, तिला विचारून लिहिते. नर्सिंगच्या जीएनएम कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ठरलेला पोरगा पुण्याकडे कंपनीत. चर्चच्या मंडळीतला, गिटार वाजवणारा, आपल्या विश्वासाची साक्ष चांगली देणारा. यानं तिची फी भरली, नंतर मोबाईल घेऊन दिला, मग हॉस्टेलची मेस. सगळे मिळून 42 हजार, सगळे फोनवरून, घरी कुणाला माहीत नाही. पोरगा वाईट नाही, हे मी आजही म्हणते. ओव्हरटाइम करून पाठवत होता.

मग रात्रीचे फोन सुरू झाले. अकरा, बारा, दीड. आधी प्रार्थना करून फोन ठेवायचे, म्हणाली. मग प्रार्थना आधी आणि बोलणं नंतर असं झालं. मग त्यानं फोटो मागितला. तसला. ती नाही म्हणाली तर तो रागावला नाही, फक्त म्हणाला, "मी तुह्यासाठी एवढं करतो, तुले माह्यावर एवढाबी भरोसा नाही?" आणि नाताळाच्या आधी नागपूरला येतो, लॉजवर भेटू, असंही. ती माझ्याजवळ रडली ते फोटोसाठी नाही. म्हणाली, "मावशी, त्याचे पैसे घेतले ना वं मी. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आमचे युवा शिबिरांतले उपदेश मी तीस वर्षं ऐकतेय. मोहाचा विषय आला की योसेफ आणि पोटीफरची बायको. तिनं धरलं, त्यानं वस्त्र तिच्या हातात सोडलं आणि पळाला, तुम्हीही पळा. बरोबर आहे, पण योसेफावर त्या बाईचे 42 हजार नव्हते! पैशाचा विषय आला की दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला. दशांशावर आमचे पाळक तासभर बोलतील. पण लग्न ठरलेल्या दोघांमधला पैसा आणि त्यांच्यातला मोह ही एकाच घराची दोन दारं आहेत, हे कुणी सांगत नाही.

आणि खरं तर हे आपण रोज म्हणतो. प्रभूची प्रार्थना आठवा. रोजची भाकर आज आम्हास दे, लगेच पुढे आमची ऋणे आम्हास सोड, आणि त्याला लागूनच आम्हास परीक्षेत आणू नको. भाकर, ऋण, परीक्षा, एकामागे एक. मी लहानपणापासून हे घडाघडा म्हणतेय. हा क्रम का असेल हा विचार त्या पोरीच्या रडण्यानंतर पहिल्यांदा डोक्यात आला. पंडितांचं मत वेगळं असेल. मी नर्स आहे, मला जे दिसलं ते सांगते.

तर त्या पोराच्या प्रश्नाचं माझं उत्तर. पैसे देण्यात पाप नाही बाबा. लपवून देऊ नको.

बायबलात उत्पत्तीच्या 24व्या अध्यायात बघ. लांबच्या सोयरिकीची याहून जुनी गोष्ट आपल्याकडे नाही. अब्राहामाचा सेवक इसहाकासाठी मुलगी बघायला दहा उंट घेऊन दूरदेशी जातो. विहिरीवर रिबकेला सोन्याची नथ आणि कांकणं देतो, ती तडक घरी जाऊन सगळं सांगते. मग बोलणी होतात, सोन्याचांदीचे दागिने आणि वस्त्रं तिला, मोलाच्या भेटी भावाला आणि आईला, सगळं घरात बसून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. शेवटी मुलीला बोलावून विचारतात, जातेस का या माणसाबरोबर? ती म्हणते, जाते. दान आधी दिलं म्हणून तिचं 'हो' गृहीत धरलं नाही. (तिचा भाऊ लाबान मात्र नथ आणि कांकणं बघूनच विहिरीकडे धावत सुटला होता, हेही तिथेच लिहिलंय. पुढे याच लाबानानं आपल्या भाच्याची, रिबकेच्या पोराची, याकोबाची मजुरी दहा वेळा बदलली. असे मामे आमच्याकडेही आहेत. हुंडा घेत नाही म्हणतात आणि पोराच्या गाडीचं नाव काढतात. 1961 पासून हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे.)

आपल्या चर्चमध्ये लग्नाच्या आधी तीन रविवार नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. मग फीचे पैसे दिले हे दोन्ही घरच्यांना कळलं तर काय बिघडतं? पोराला द्यायचेच असतील तर मुलीच्या बापाला फोन करून सांगावं, काका, फी मी भरतो, लग्न मोडलं तर परत मागणार नाही, किंवा मागणार असेल तर तेही सांगावं. बापाचा स्वाभिमान दुखावेल? दुखू द्या. आमच्याकडचा बाप कृषी केंद्राची उधारी चारचौघांत ऐकून घेतो, हेही ऐकेल.

रात्रीच्या फोनचं म्हणाल तर मी मोबाईल हिसकावून घ्या म्हणणाऱ्यांतली नाही. घेतला तर दुसरा येतो. पण आयुष्याची निम्मी वर्षं मी नाइट ड्यूटी केली आहे. रात्री दोनला माणूस फार मऊ असतो. पेशंट रात्री दोनला मुलांच्या नावावर शेत करून देतो आणि सकाळी नऊला नाकारतो. म्हणून एवढंच, जे बोलायचं ते उजेडात बोला, घरात कुणीतरी जागं असताना.

आणि एक वेगळंच, ज्याचा प्रेमाशी संबंध नाही. मोबाईलवर "प्रेज द लॉर्ड" म्हणत येणारा परदेशातला डॉक्टर, ज्याची बायको वारली आहे, ज्यानं तुमच्यासाठी गिफ्ट पाठवलंय आणि ते कस्टममध्ये अडकलंय, तो कुणीही नाही. त्याला एक रुपया देऊ नका. पैसे यायचे असतील तर यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, पिन लागतो तो पैसे जाताना. गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आपल्या लोकांना बायबलचं वचन ऐकलं की समोरचा भला वाटतो, हे त्या चोरांना पक्कं माहीत आहे.

त्या पोरीचं काय झालं ते विचाराल. आम्ही दोघी तिच्या बापाकडे गेलो. तो अर्धा तास काही बोलला नाही, बैलापुढे कुटार टाकत राहिला. मग म्हणाला, "मले काऊन नाही सांगितलं वं?" कापसाच्या चुकाऱ्यातून 20 हजार त्यानं पोराच्या वडिलांच्या हातात नेऊन दिले, पाळकांसमोर. उरलेले 22 पोरगी नोकरी लागल्यावर देणार, असं कागदावर लिहिलं. पोराचे वडील आधी चिडले, मग त्यांनाच हे काही माहीत नव्हतं असं निघालं. पोरगा त्या दिवशी आला नाही. लग्न होईल की नाही, मला सांगता येत नाही. लॉजचं नाव त्यानं पुन्हा काढलेलं नाही, एवढं पोरगी सांगते.

ती परीक्षेच्या तयारीसाठी सध्या घरीच आहे. पोराचा फोन येतो, पण आता संध्याकाळी सातला, तिच्या आईच्या मोबाईलवर. आई बाजूला भाकरी थापत बसते. परवा तिला विचारलं, काय बोलतात वं? म्हणाली, "कायचं बोलतात बाई, पोट्टा बोलते कमी अन् खोकलते जास्त."