शिल्लक नेमकी कुणाची? ‘एक गुहागरकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘देणगी देण्याआधी संस्थेचे कागद कसे वाचावेत’ या माझ्या लेखाखाली ‘एक गुहागरकर’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी म्हणे पुण्या-मुंबईच्या ऑफिसात बसून गावच्या संस्थांना शहाणपण शिकवतो. घरचं खाऊन काम करणाऱ्यांकडे सभांचं इतिवृत्त आणि खर्चाची व्हाउचर मागणं हा त्यांचा अपमान आहे. चेंज रिपोर्टची, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवण्याची, मुदत मी चुकीची लिहिली. लेख कंटाळवाणा आहे. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: ‘बँकेत शिल्लक आहे, दरवर्षी ऑडिट होतं, मग हिशोब विचारणारे तुम्ही कोण?’

आधी माझी चूक. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट ३० दिवसांत द्यावा लागतो, असं मी लिहिलं होतं. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे मुदत ९० दिवसांची आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. ती दाखवून दिल्याबद्दल आपला आभारी आहे.

पण ‘तुम्ही कोण’ ही भाषा मला मान्य नाही. गावकीच्या बैठकीत कुणी हिशोबाचा प्रश्न काढला की त्याला खाली बसवायला हेच दोन शब्द वापरतात, आणि आपण ते इथे वापरलेत. म्हणून सांगतो. मी राजापूर तालुक्यात राहतो. गेली बावीस वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या न्यासांच्या, म्हणजे विश्वस्त संस्थांच्या, वह्या लिहिणं आणि तपासणं हाच माझा व्यवसाय आहे. मी मुंबईचा असतो तरी फरक पडला नसता. ज्या कायद्याखाली आपली संस्था नोंदली जाते, त्याचं नावच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० आहे. त्यातला ‘सार्वजनिक’ हा शब्द पन्नास रुपयांची पावती फाडणाऱ्यालाही लागू होतो.

आता आपलं ते वाक्य. आधी शिल्लक.

समजा एका संस्थेच्या पासबुकात ३१ मार्चला ९,४०,००० रुपये आहेत. आकडा ऐकायला छान आहे. ताळेबंद या कायद्याच्या नियमांतल्या परिशिष्ट ८ च्या नमुन्यात असतो. त्याची डावी बाजू उघडा. ‘इतर राखीव निधी’ या शीर्षाखाली पूरग्रस्तांसाठी आलेले आणि अजून खर्च न झालेले ४,१०,००० आहेत. इमारत निधी २,७५,००० आहे. एका देणगीदाराने पुढच्या वर्षीच्या शिबिरासाठी आगाऊ दिलेले १,२०,००० आहेत. कर्मचाऱ्यांचे दोन महिन्यांचे थकलेले पगार ९०,००० आहेत. या चार रकमा वजा केल्या की उरतात ४५,०००. संस्थेचा महिन्याचा नेहमीचा खर्च ६२,००० असेल, तर ही संस्था स्वतःच्या पैशावर जेमतेम बावीस दिवस चालेल. पासबुक तेच, शिल्लक तीच. मी लेखात ही वजाबाकी करायला सांगितली होती. त्यात अपमान कुठे आहे?

ही वजाबाकी टाळली की पुढे काय होतं, तेही सांगतो. चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर लोकांनी ठरावीक कामासाठी म्हणून पैसे दिले. असा पैसा सर्वसाधारण खात्यातच पडून राहिला, तर दोन वर्षांनी पगाराला कमी पडतात म्हणून त्यातून उचल होते. हेतू वाईट नसतो, परत टाकू असंच ठरलेलं असतं. परत टाकायला पैसे येत नाहीत, आणि मूळ देणगीदार विनियोगाचा, म्हणजे पैसा त्याच कामाला वापरल्याचा, दाखला मागतो तेव्हा सचिवाला तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणून ठरावीक कामाच्या निधीला वेगळं बँक खातं असावं. ते जमत नसेल तर निदान खतावणीत वेगळं पान हवं, आणि दर महिन्याला त्या पानाची बेरीज बँकेच्या शिल्लकेशी ताडून पाहायला हवी. राखीव निधींची एकूण बेरीज बँकेतल्या आणि ठेवीतल्या रकमेपेक्षा जास्त भरली, तर समजायचं की राखीव पैसा खर्चून झाला आहे. हे कळायला चार्टर्ड अकाउंटंट लागत नाही.

शिवाय ३१ मार्चची शिल्लक हा कोकणात फसवा आकडा आहे. देणगीवर आयकराची सवलत हवी असलेले मुंबईकर देणगीदार मार्चमध्येच चेक देतात, त्यामुळे त्या दिवशी खातं फुगलेलं असतं. मेमध्ये चाकरमानी येतात तेव्हा पुन्हा थोडी भर पडते. मग पावसाआधी छपराचं काम आणि जूनमध्ये मुलांच्या वह्या-गणवेश. त्यानंतर गणपतीपर्यंत आवक जवळजवळ नसते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्या खात्यात किती आहे, ते विचारा. बारा महिन्यांची महिनाअखेरची शिल्लक एका कागदावर लिहायला पासबुक घेऊन वीस मिनिटं लागतात, आणि त्यातला सर्वांत खालचा आकडा संस्थेची खरी तब्येत सांगतो. तो आकडा दीड महिन्याच्या खर्चापेक्षा कमी असेल, तर मी त्या संस्थेला नवा उपक्रम सुरू करू नका असंच सांगेन.

पैसे कुठे ठेवलेत, हाही त्यातलाच प्रश्न. अर्धा-एक टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून ओळखीच्या पतसंस्थेत मुदत ठेव करायची आपल्याकडे सवय आहे. कलम ३५ प्रमाणे न्यासाचा पैसा अनुसूचित बँक, पोस्टाची बचत बँक, सरकारमान्य सहकारी बँक अशा ठरलेल्या ठिकाणीच ठेवता येतो. बाकी ठिकाणी परवानगी लागते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. त्याच पतसंस्थेवर आपला खजिनदार संचालक असेल तर बोलायलाच नको.

आता ‘दरवर्षी ऑडिट होतं’. होतं ना. मग तो अहवाल वाचलात का? सर्वसाधारण सभेत पहिलं पान दाखवून ‘ऑडिट झालंय, मंजूर आहे का’ असं विचारतात आणि हात वर होतात. खरी माहिती पुढे असते. याच कायद्याच्या १९५१ च्या नियमांतल्या नियम १९ प्रमाणे ऑडिटरला ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं लिहून द्यावी लागतात. तपासणीच्या दिवशी हातातली रोकड वहीशी जुळली का? सगळी व्हाउचर दाखवली का? एक वर्षाहून जुनी येणी किती, आणि किती सोडून दिली? पाच हजारांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का? कलम ३५ मोडून गुंतवणूक आहे का? कुणी विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का? विश्वस्तांची संख्या नियमावलीप्रमाणे आहे का? सभा नियमित झाल्या का? इतिवृत्त वही ठेवली आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: मागच्या वर्षी ऑडिटरने दाखवलेल्या त्रुटी दूर केल्या का?

पाहिलंत? व्हाउचर आणि इतिवृत्ताबद्दल विचारणं अपमान आहे, असं तुम्ही म्हणता. तुम्ही ज्या ऑडिटच्या आड उभे आहात, त्याच ऑडिटच्या नमुन्यात हे दोन्ही प्रश्न छापलेले आहेत. तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून एवढंच बघा की शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिन्ही वर्षी ‘नाही’ किंवा ‘लागू नाही’ आहे का. तसं असेल तर ऑडिट होतं, पण ते कुणी ऐकत नाही. ताळेबंदाच्या उजव्या बाजूला रोख शिल्लक ‘विश्वस्तांकडे’ आणि ‘व्यवस्थापकाकडे’ अशी वेगळी दाखवायची असते. विश्वस्तांकडची रोकड वर्षानुवर्षं त्याच आकड्यावर थांबली असेल, तर ती रोकड बहुधा कुठेच नसते.

‘घरचं खाऊन’ हा मुद्दा मी हलका मानत नाही. अशा माणसांवरच इथल्या शाळा, वाचनालयं आणि दवाखाने उभे आहेत. पण उद्या कुणी बोट दाखवलं तर त्यांना वाचवणार आहे ती इतिवृत्त वहीच. आपल्याकडची नेहमीची अडचण अशी: अध्यक्ष डोंबिवलीला, खजिनदार गावात, म्हणून अध्यक्ष कोऱ्या चेकांवर सह्या करून पुस्तक गावी ठेवतात. दोन सह्यांचा नियम तिथेच संपतो. चेकवर सही करू शकणारे तीन जण नेमा. त्यातले दोघे गावात राहणारे आणि एकमेकांचे नातेवाईक नसलेले असावेत. उत्सवात लावलेला क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच आहे, सचिवाच्या मोबाइलचा नाही, हे स्वतः एक रुपया पाठवून तपासा. वारलेल्या विश्वस्ताचं नाव परिशिष्ट १ च्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यास नोंदवहीच्या, उताऱ्यावर तसंच राहिलं की पुढे सह्या बदलताना बँक तो उतारा मागते आणि व्यवहार अडतो. आंब्याची बाग कराराने द्यायची असेल तर शेतजमिनीला १० वर्षं आणि बिगरशेतीला ३ वर्षं ही मर्यादा आहे. त्यापुढे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कर्ज काढायलाही ती लागते. यातलं काहीही शहरी नाही.

लेख कंटाळवाणा असेल. हिशोबाचा लेख आहे.

प्रतिक्रिया मी काढणार नाही. आपल्या संस्थेचं नाव झाकून नियम १९ चा अहवाल आणि बारा महिन्यांची महिनाअखेरची शिल्लक इथे टाका. ओळ न् ओळ वाचून उत्तर देईन, आणि सगळं ठीक असेल तर तसंही इथेच लिहीन.