काय गाळलंय ते पण विचारा

लेखात म्हटलंय की शाळेत मुलांना आत्मचरित्रं वाचायला द्या, प्रेरणा मिळते. ठीक आहे, पण नुसत्या प्रेरणेवर थांबलं तर तो तास आणि भाषण यात फरक काय राहिला? फ्रेडरिक डग्लसचं बघा ना, अमेरिकेतल्या गुलामगिरीतून १८३८ मध्ये पळाला आणि स्वतःचं आयुष्य त्याने तीनदा लिहिलं, १८४५, १८५५ आणि १८८१ ला. पहिल्या वेळी नेमका पळाला कसा हे सांगितलंच नाही, कारण मदत करणारे गोत्यात आले असते आणि मागे राहिलेल्यांची वाट बंद झाली असती. खलाशाचा वेष, दुसऱ्याचे ओळखीचे कागद, ट्रेनचा प्रवास, हे सगळं आलं १८८१ च्या पुस्तकात, गुलामगिरी संपून गेल्यावर. हे दोन उतारे शेजारी ठेवा आणि वर्गात विचारा, माणूस काय गाळतो, कधी गाळतो, कोणासाठी. खरा अभ्यास तिथे आहे.

बाकी ते ‘तुमच्या आयुष्यातला दुःखद प्रसंग लिहा’ टाइप निबंध मला अजिबात पटत नाहीत, त्याला मार्क कशाचे देणार, दुःखाचे का शुद्धलेखनाचे? वर मोठ्याने वाचायला लावायचं म्हणजे कहरच. प्रसंग मुलाने निवडावा, आणि घरच्यांबद्दल लिहिलं असेल तर त्यांना विचारलंय का, एवढं तरी सरांनी बघावं.